सतरा तिकिटं, पंधरा व्हिसे

हे प्रकरण २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरचं, जर्मनीत रुर भागातल्या एका विद्यापीठातलं. मी तिथे पाण्याच्या विषयात पीएचडी करतेय, गाव पारनेर तालुक्यात. भूगोल विभागातल्या एका प्रोफेसर बाईंनी पंधरा पोरांना घेऊन महाराष्ट्रात अभ्यास सहल न्यायची ठरवली आणि मला म्हणाल्या की तू तिकडचीच आहेस, जरा मदत कर. "जरा" हा शब्द मी तेव्हा सिरियसली घेतला नाही हे माझं चुकलंच. सहल २ मार्च ते १५ मार्च २०२५, विषय पाणी, आणि त्याआधी ऑक्टोबर ते जानेवारी दर मंगळवारी तयारीचा सेमिनार. पंधरा विद्यार्थी, बाई आणि मी अशी सतरा तिकिटं, त्यातली सतरावी मी, मला अर्थातच व्हिसा लागत नाही. म्हणजे सोळा व्हिसे हवे होते. आले पंधरा.

आता कुणी म्हणेल नशीब. मी म्हणेन क्रम चुकला. तयारी भरपूर केली होती, पण जे आधी करायचं ते शेवटी आणि जे शेवटी चाललं असतं ते आधी, असा सगळा प्रकार होता, म्हणून सविस्तर लिहितेय. बाहेरून ग्रुप घेऊन येणारे आणि इकडे त्यांची सोय बघणारे बरेच मराठी लोक आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

सेमिनारची पद्धत अशी की चारचा तास सव्वाचारला सुरू होतो (इथल्या विद्यापीठांची जुनी पद्धत आहे ही, पंधरा मिनिटं सूट, पण मग सव्वाचार म्हणजे सव्वाचारच) आणि दर आठवड्याला दोन जण एकेका विषयावर प्रेझेंटेशन देणार. मान्सून, ऊस आणि सिंचन, मुंबईचा पाणीपुरवठा, फाळणी, जात आणि पाणी, असे विषय वाटून दिले होते. प्रेझेंटेशनं चांगली होती हो, खोटं कशाला बोलू. मुंबईवाल्या मुलाने सात तलावांची नावं अडखळत का होईना पण बरोबर घेतली, विहार १८६० मध्ये झाला आणि शहराला नळाचं पाणी तेव्हापासून, हे मुंबईत चार वर्षं राहून मला माहीत नव्हतं. जात आणि पाणी या विषयावर एक मुलगी महाडच्या चवदार तळ्यावर अर्धा तास बोलली, २० मार्च १९२७ चा सत्याग्रह, नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता तरी दलितांना पाण्याला हात लावायची सोय नव्हती वगैरे सगळं. बोलून झाल्यावर एकाने साधा प्रश्न विचारला की मग आपण तिथे जातोय का? नव्हतो जात. पाणी या विषयावर महाराष्ट्राची सहल आणि महाड यादीत नाही, आणि यादी बघितलेली माणूस मी, मला लाज वाटली. शेवटी मुंबईहून पुण्याला सरळ न जाता महाड करून ताम्हिणी घाटातून पुण्याला जायचं ठरलं.

ती यादी म्हणजे अजून एक किस्सा. मार्गाचं काम तीन पोरांच्या गटाकडे होतं आणि त्यांनी भारी रंगीत तक्ता केला, तासातासाचा. सोमवार ३ मार्च, कान्हेरी लेणी, कारण तिथली दगडात कोरलेली पाण्याची टाकी बघायची. सोमवार १० मार्च अजिंठा. मंगळवार ११ मार्च वेरूळ. मी तक्ता बघितला आणि हसूच आवरेना. कान्हेरी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, ते सोमवारी बंद. अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. आपल्याकडच्या शाळेच्या सहलीच्या मास्तरांनासुद्धा हे पाठ असतं, आणि या पोरांनी तिन्ही ठिकाणांचा बंद दिवस अचूक धरला होता. वेरूळ-अजिंठ्याची नुसती अदलाबदल केली आणि कान्हेरी मंगळवारी ढकललं, पाच मिनिटांचं काम. पण हे नोव्हेंबरअखेरीस कळलं, तोवर संभाजीनगरच्या हॉटेलची आणि बसची बोलणी तारखांसकट होऊन गेलेली, मग परत सगळ्यांना फोन. आणि मार्च महिना! सरकारी ऑफिसात कुणाची वेळ मागायची तर मार्च एंड म्हटल्यावर साहेब फोनच उचलत नाहीत, बिलं काढायची गडबड असते. बाईंना "मार्च एंड" समजावून सांगायला मला चांगला अर्धा तास लागला, कारण त्यांच्या डोक्यात वर्ष डिसेंबरला संपतं.

आता व्हिसा. सुरुवातीला कुणीतरी म्हणालं की भारताचा ई-व्हिसा तीन-चार दिवसांत येतो, मग घाई कशाला, जानेवारीत एक तास त्यासाठी ठेवू. मीही मान डोलावली, मला स्वतःला कधी काढावाच लागला नव्हता ना. तर १४ जानेवारीला, आपली संक्रांत, मी तिळाच्या वड्या घेऊन गेले होते, सगळे लॅपटॉप उघडून बसले, स्क्रीनवर फॉर्म, एकेक रकाना सगळे मिळून भरतायत. फोटो चौरस हवा यावर दहा मिनिटं गेली. वडिलांचं जन्मगाव, आईचं जन्मगाव, पोरं घरी मेसेज करून विचारतायत. आणि मग तो प्रश्न आला, की तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, किंवा तिथल्या भागातले होते का.

खोलीत चौदा जणांनी "नाही" वर क्लिक केलं आणि पुढे गेले. एक मुलगी थांबली. तिने हात वर केला, अगदी शाळेतल्यासारखा, आणि विचारलं की आजोबांचा जन्म १९३८ चा, लाहोरचा, तेव्हा तर पाकिस्तान नव्हतंच, मग काय लिहू? आजोबा नंतर पाकिस्तानी पासपोर्टवरच जर्मनीत आले होते, मग जर्मन झाले. ती स्वतः जन्मापासून जर्मन, दुसरे आजोबा इथल्याच कोळशाच्या खाणीतले कामगार, उर्दूचे चार शब्दही धड येत नाहीत. पण प्रश्न तिच्या उर्दूबद्दल नव्हता. ज्यांची मुळं पाकिस्तानची त्यांना ई-व्हिसा मिळतच नाही, पासपोर्ट कुठलाही असो, त्यांनी कागदी अर्ज करायचा आणि त्याची चौकशी होते, त्याला महिने लागू शकतात. आमच्याकडे सात आठवडे होते.

फाळणीवरचं प्रेझेंटेशन नोव्हेंबरमध्ये झालं होतं, नकाशासकट, आणि ती तिथेच दुसऱ्या रांगेत बसलेली होती. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्याही नाही.

एका मुलाने सुचवलं, चांगल्या मनानेच, की "नाही" लिहून टाक, कोण बघतंय. इथे मी जरा जोरातच बोलले. फॉर्मवर खोटं लिहायचं नाही, पकडलं गेलं तर ती तर अडकेलच पण उरलेल्या ग्रुपचं काय होईल सांगता येत नाही. तिने स्वतःच सांगितलं की मी आजोबांना खोडणार नाही. विषय संपला.

त्याच आठवड्यात कागदी अर्ज गेला, बाईंचं पत्र, विद्यापीठाचं पत्र, आजोबांच्या जुन्या कागदांच्या कॉप्या, सगळं जोडून. हे ऑक्टोबरच्या पहिल्या तासाला झालं असतं तर साडेचार महिने मिळाले असते. पहिल्या तासाला बाईंनी सगळ्यांना काय विचारलं होतं माहितीये? शाकाहारी कोण, आणि कुणाला कसली अ‍ॅलर्जी. आता वाटतं की पहिल्या तासाला पासपोर्टची मुदत बघायची (सहा महिने शिल्लक हवी), आणि आजी-आजोबांचा प्रश्न सगळ्यांसमोर नाही तर प्रत्येकाला एकेकट्याने, बंद दाराआड विचारायचा. कारण त्या दिवशी चौदा जण तिच्याकडे बघत होते ना, ते मला फार खटकलं.

लसींचंही तसंच. कावीळ अ, टायफॉइड ठीक आहे, एकेक इंजेक्शन. रेबीजच्या लसीचे डोस मात्र आठवडे सोडून घ्यावे लागतात, तीन डोस म्हणजे महिनाभर, आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत फेब्रुवारी उजाडलेला, त्यामुळे दोघांचा शेवटचा डोस राहून गेला. त्यांना सांगितलं कुत्र्याला हात लावायचा नाही. (आमच्या मामाच्या वाड्यातल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी त्यातल्या एकीने हात लावला, ते असो. काही झालं नाही.) सामानाची यादी मी केली त्यात तीन गोष्टी लाल शाईने लिहिल्या. व्हेप आणायचं नाही, भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. गांजाचं पाकीट कुठल्या खिशात राहिलं असेल तर घरी काढून ठेवा, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून थोडा बाळगायला परवानगी झाली म्हणून आपल्याकडे झाली नाही. आणि ट्रेकिंगला वापरतात तो सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारा डबा, तो परवानगीशिवाय भारतात चालत नाही, विमानतळावरच पंचाईत होते. भूगोलवाली पोरं, दोघांकडे तो होताच.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रश्नावलीवर, आणि जावा असाच होता. हिवरे बाजार यादीत होतंच, ते कुणीही ठेवेल, पोपटराव पवारांचं काम जगजाहीर आहे, पद्मश्री २०२० ची. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि किती पाऊस पडला ते मोजून ग्रामसभा पाण्याचं बजेट मांडते. तिथे येणाऱ्या पाहुण्यांची गावाला सवय आहे. बाईंना मात्र असं एक गाव हवं होतं जिथे कुणी बघायला जात नाही. मी म्हटलं आहे की, माझ्या मामाचं.

विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून विचारायला बेचाळीस प्रश्न काढले. मी मराठीत केले आणि मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. रात्री फोन आला.

"अगं हे कोण लिहिलंय?"

म्हटलं पोरांनी लिहिलंय मामा, अभ्यासाचं आहे.

"सातवा प्रश्न वाच. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती. आणि अकरावा, घरात संडास आहे का. तलाठीसुद्धा चारचौघांत विचारत नाही असलं. आणि मार्च म्हणजे कांदा काढणी, माणूस वावरात असतंय, बेचाळीस प्रश्नांना कोण बसणार? चहा पाजतो, जेवू घालतो, विहिरी दाखवतो. पण हे नको."

मग जरा थांबून म्हणाला, "आणि आम्ही त्यांना काही विचारलं तर चालेल का?"

हे मी मंगळवारी जसंच्या तसं वर्गात सांगितलं. थोडी चुळबुळ झाली. एक जण म्हणाला की उत्पन्नाचा आकडा नसेल तर तुलना कशी करणार, मुद्दा चूक नाही त्याचा. बाईंनी मग एक केलं ते मला फार आवडलं. त्या म्हणाल्या ठीक आहे, हीच प्रश्नावली आपण आत्ता इथे भरू, जोडीजोडीने, एकाने दुसऱ्याला विचारायचं आणि उत्तरं मोठ्याने वाचायची. पहिले सहा प्रश्न हसतखेळत गेले. सातव्याला एक मुलगा लाल झाला आणि म्हणाला वडील किती कमावतात ते मी नाही सांगणार, हा काय प्रश्न आहे. दुसऱ्या जोडीत एकीला माहीतच नव्हतं. तिसऱ्यात दोघांनी खोटे आकडे सांगितले, नंतर कबूल केलं. अकराव्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. पुढच्या आठवड्यात बेचाळीसचे नऊ झाले, आणि त्यातले पाच असे होते की बोट दाखवून विचारता येतील, ही विहीर कधी खोदली, किती परस खोल, एप्रिलमध्ये पाणी कुठवर जातं, असे. तसंही टुरिस्ट व्हिसावर घरोघर सर्व्हे करणं बसतच नाही, ते कारणही होतंच, पण मला वाटतं तो नियम दाखवून प्रश्न काढले असते तर पोरांनी नुसती कुरकुर केली असती.

मी त्यांना थोडं मराठीही शिकवलं. आड, विहीर, बारव, बोअर, टँकर. ळ कुणालाच जमला नाही, त्यामुळे तळं म्हणताना सगळे तलं म्हणायचे. आणि "बास" हा सगळ्यात उपयोगी शब्द, कारण मामीच्या घरी ताटावर आडवा हात धरल्याशिवाय वाढणं थांबत नाही आणि नुसतं हसून मान हलवली की अजून एक भाकरी पडते.

इकडे त्या मुलीच्या व्हिसाचं काही कळत नव्हतं. फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात बाईंनी तिघींना बोलावलं, ती, मी आणि त्या स्वतः. पर्याय तीन होते. सगळी सहल पुढे ढकलायची, तर पंधरा व्हिसे, सतरा तिकिटं आणि मामाचा कांदा. तिच्याशिवाय जायचं. किंवा शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघायची आणि आला तर ती मागून येईल. तिसरं धरलं, पण मनात दुसऱ्याची तयारी ठेवून. तिला मार्क तर मिळायला हवेत, म्हणून बाईंनी पर्यायी विषय सुचवला, १९६० चा सिंधू पाणीवाटप करार, रावी-बियास-सतलज इकडे आणि सिंधू-झेलम-चिनाब तिकडे. विषय उत्तम आहे. ती एकदम शांतपणे म्हणाली, "आजोबांमुळे मला जाता येत नाहीये ते ठीक आहे, आता माझा विषयपण त्यांच्यावरूनच ठरणार का?"

बाई ओशाळल्या. मीसुद्धा, कारण मला तो विषय ऐकून "वा, छान" असंच वाटलं होतं.

तिने स्वतः निवडला तो विषय घराजवळचा, एम्शर नदी. रुरमधली ही नदी शंभर वर्षं उघडं गटार होती, खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखालून पाइप टाकता येत नव्हते, म्हणून सगळं सांडपाणी काँक्रीटच्या पाटातून उघड्यावर वाहायचं. १८९९ मध्ये गावं, खाणी आणि कारखाने यांनी मिळून नदीसाठी एक संस्था काढली, सगळ्यांनी वर्गणी भरायची आणि पाण्याचं सगळ्यांनी मिळून बघायचं. मी ऐकलं आणि म्हटलं अगं ही तर आमची सोसायटी, नगर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला सहकार शिकवायला लागत नाही. १९९० च्या दशकापासून नदी परत नीट करायला घेतली, जमिनीखाली खोल नळ्या घातल्या, ५१ किलोमीटरची मुख्य वाहिनी, साडेपाच अब्ज युरोच्या आसपास खर्च, आणि २०२१ च्या अखेरीस नदीतलं सांडपाणी बंद झालं. मुळा-मुठेच्या काठावर उभं राहून पोरांनी हेच आकडे एकमेकांना सांगितले, तिच्या नोट्समधूनच.

२ मार्चला फ्रँकफर्टहून सोळा जण उडालो. तिचा पासपोर्ट अजून तिकडेच होता. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत, विभागाने थोडे दिले, उरलेले बाईंनी खिशातून घातले असं मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

सहलीबद्दल लिहीत नाही, ते वेगळं होईल. मामाच्या गावातली एकच संध्याकाळ सांगते, ८ मार्च. ओट्यावर सतरंजी, पोरं बसलेली, नऊ प्रश्न विचारून झालेले, आणि मामा म्हणाला आता माझी पाळी. त्याने खरंच वहीच्या पाठीमागे लिहून ठेवले होते. तुमच्याकडं पाण्याला मीटर असतो का. बिल किती. विहीर खोदायला कुणाला विचारावं लागतं. पोरं आपापल्या परीने सांगतायत, मी मराठी करतेय. बिलावर आल्यावर एक जण म्हणाला पावसाच्या पाण्याचे वेगळे पैसे असतात, पण नक्की कसे ते त्याला सांगता येईना. मग तिला व्हिडिओ कॉल लावला, जर्मनीत दुपार होती. फोन मामाच्या हातात दिला.

तिने सांगितलं की छपरावर, अंगणाच्या फरशीवर पडलेलं पाणी गटारात जातं, त्या गटाराचा खर्च असतो, म्हणून घराचं छप्पर आणि फरशी किती चौरस मीटर ते मोजून दरवर्षी पैसे घेतात.

मामा बघतच राहिला. "पावसाचे पैसे? देवानं पाडायचा आणि बिल यांनी लावायचं?" ओट्यावर हशा. मग त्याने डोकं खाजवून विचारलं, "आणि समजा गटारात जाऊच दिलं नाही, जमिनीतच मुरवलं तर?"

मी जर्मनमध्ये केलं. ती म्हणाली मग तेवढ्या भागाचे पैसे लागत नाहीत, म्हणून तर लोक फरशी उखडून माती ठेवतात.

"म्हणजे तिकडंबी पाणी अडवा पाणी जिरवाच की," मामा म्हणाला आणि मामीला आत हाक मारून हे सगळं परत पहिल्यापासून सांगायला लागला, फोन हातात तसाच, आणि ती तिकडे स्क्रीनवर पत्र्याचं छप्पर बघत बसलेली.

तिचा पासपोर्ट २७ मार्चला परत आला. आत व्हिसा होता.